ढगांचे तळवे

३ ऑक्टोबर

भिंगरी,

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलं नाही, तेव्हा आधी काम सांगते. आईला विमानात बसायचं आहे. तुझ्या विमानात, आणि लवकर.

पत्र खाली ठेवलं असशील तर उचल. तीन वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस; अबोला धरण्यात आपण दोघंही बाबांवर गेलो आहोत. आताही लिहिलं नसतं. पण परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं, बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. काचबिंदू आहे हे तुला माहीत आहे. माहीत नसलेलं हे, की तिची नजर आता कडांकडून मिटत चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. थेंबांनी वेग कमी होतो, थांबत नाही. हिवाळ्यानंतर किती उरेल असं विचारलं, तर बाईंनी खांदे उडवले.

मी चेहरा नीट करून बाहेर आले. आई म्हणाली, "राहू दे. दारं पातळ आहेत इथली."

रस्त्यात मला हात धरू देईना. फुटपाथच्या कडेला पाऊल अडखळलं तरी देईना. मग एकदम थांबून म्हणाली, "मला एकदा ढग वरून बघायचेत."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ती बोलतच होती. "तुझ्या बाबांनी जन्मभर ढगांचे तळवे पाहिले. मीही त्यांच्या शेजारी उभी राहून तळवेच पाहिले. डोकी कशी असतात, कुणी सांगेल तर शपथ! पोरगा रोज त्यांच्या डोक्यावरून जातो आणि घरी एक अक्षर बोलत नाही."

तर तो पोरगा तू. तुझी टपालाची फेरी पूर्वी आमच्या वेधशाळेच्या धावपट्टीवर उतरायची. ती तू त्या मिशाळ दोस्ताला देऊन टाकलीस आणि स्वतः पठारापलीकडची घेतलीस. एक दिवस अदलाबदल कर. विमानात वैमानिकाशेजारची जागा रिकामी असते, मी पाहिली आहे. मिशाळ तिच्यावर जेवणाचा डबा ठेवतो.

माझ्याशी बोलायची सक्ती नाही. तिला वर ने, खाली आण, आणि जा.

ताई


११ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं उत्तर मिशाळाने आणून दिलं. पावतीच्या मागे दोन ओळी. 'आईसाठी येईन. तू फक्त खरं हवामान कळव.'

तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर अंगणात गेले आणि पर्जन्यमापक घासून काढला. तो आधीच लख्ख होता. पुन्हा घासला. आत आले तर आईने विचारलं, "काय म्हणतोय?" मी पहिली ओळ वाचून दाखवली. "एवढंच?" "एवढंच." ती म्हणाली, "बोलायला पैसे पडतात त्याला," आणि कपाटातून कोट काढायला गेली. कोट हाताशी होता, पण बाजूला होता म्हणून तिला सापडेना. मी दिला नाही. दिला असता तर चिडली असती.

तू म्हणतोस तर खरं हवामान ऐक. गेले चार दिवस आभाळ धुतल्या ताटासारखं आहे. मी पहिल्याच सकाळी तुला कळवणार होते. आई म्हणाली, "ढग किती?" म्हटलं, एकही नाही, उडायला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. तर म्हणते, "रिकाम्या आभाळात मी काय बघू? तुझं डोकं?"

म्हणजे माझी पंचाईत बघ. आभाळाचे आपण आठ वाटे करतो ना, त्यातले आठही मोकळे असले तर आईला नको. आठही भरले तर तुला उतरता येत नाही. मला हवेत तीन-चार वाटे, आणि तेही गठ्ठ्यागठ्ठ्याचे, पुस्तकात ज्यांना राशीमेघ म्हणतात ते. जमीन तापली पाहिजे. तिच्यावरची हवा दमट पाहिजे. ती हलकी होऊन चढते, चढता चढता गार होते, आणि एका उंचीवर तिच्यातलं पाणी डोळ्यांना दिसायला लागतं. ती उंची सगळ्यांना सारखी, म्हणून ह्या ढगांचे तळवे पट्टी लावून कापल्यासारखे सपाट. वर मात्र ज्याची जेवढी उसळी तेवढं त्याचं डोकं. हे तुला मी कशाला सांगतेय? तू रोज बघतोस. मी कधी पाहिलेलं नाही.

सध्या हवा फार कोरडी आहे. पांढऱ्या झडपांच्या पेटीतले दोन पारे, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, एकमेकांपासून लांब उभे आहेत, तुझ्या-माझ्यासारखे. ओल्या पाऱ्याच्या फडक्यातलं पाणी भराभर उडतं, म्हणून तो खाली उतरतो. फडक्याखालची बाटली अजून आईच भरते. आता बोट आत घालून, पाणी बोटाला लागेपर्यंत. मी म्हटलं मी भरते, तर म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला आभाळातलं एवढं एकच काम दिलं होतं. ते तरी ठेव."

ढग आले की कळवते. मिशाळाला सांगून ठेव.

ताई


१९ ऑक्टोबर

भिंगरी,

मागितले होते ढग, आले सगळेच. आधी फार उंचावर पिसं ओढल्यासारखे आले. दुसऱ्या दिवशी दुधाची साय धरली, तिच्यामागे सूर्य पुसट दिसत होता. तेव्हाच मला कळलं होतं, पण आईला सांगितलं नाही. मग वारा फिरला, हवा जड झाली, आणि आता तिसरा दिवस पाऊस पडतोय. आठपैकी आठ. तळवे इतके खाली, की वायरलेसच्या खांबावरचा दिवा त्यांच्यात बुडतो.

आई रोज सकाळी कोट घालून, बूट बांधून खुर्चीत बसते. "आज?" "आज नाही." मग बूट सोडत नाही. दुपारी तसेच पाय घेऊन लवंडते. काल स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तिच्या कपाळाला लागली. ओरडली नाही, चौकटीलाच म्हणाली, "तू इथे कधी आलीस?" मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

मला बसवत नाही. वेळ नसताना पेटीकडे जाते, पारे बघते, परत येते. वारा मोजायच्या वाट्या गरगर फिरताना बघत बसते. पायाला भिंगरी तुझ्या होती, आता माझ्या लागली आहे. बाबा असते तर म्हणाले असते, आभाळ खुर्चीत बसूनही तेवढंच दिसतं.

आणि ह्या पावसात मला तुझा तो 'खरं' हा शब्द सारखा टोचतोय. एकदा बोलून टाकते.

बाबा गेले ती सकाळ. तू पठारावर इंजिन गरम करून बसला होतास. मी कळवलं, दाट धुकं, समोरचं दिसत नाही, धावपट्टी बंद. तू थांबलास. मिशाळ त्याच वेळी आमच्यावरून पुढे चालला होता. त्याने तिकडे उतरल्यावर तुला सांगितलं, 'धावपट्टी तळहातासारखी दिसत होती रे, बंद कसली?' तोवर बाबा गेले होते. तू मोटारीने दुसऱ्या दिवशी पोहोचलास, दारातच उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "ताईने आभाळ बंद केलं."

तुझा हिशेब सरळ होता. तू बाबांनी लावून दिलेली इथली नोकरी सोडलीस तेव्हा मीच म्हटलं होतं, 'परत त्यांना तोंड दाखवू नकोस.' म्हटलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण म्हणून मी पारा बघून खोटं लिहीन? बाबांनी आपल्या दोघांना एकाच अंगणात शिकवलं. जे दिसतं ते लिही, जे हवं ते लिहू नकोस. वाऱ्याचं नावसुद्धा तो जिथून आला त्या दिशेने ठेवायचं, तो कुठे जाणार ते आपलं काम नाही.

तू त्या दिवशी एकदाही विचारलं नाहीस, की आमची सकाळ कशी गेली. विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं.

पाऊस थांबतोय असं वाटतं. आई हाक मारतेय.

ताई


२२ ऑक्टोबर

भिंगरी,

घाईत लिहिते, मिशाळ बाहेर इंजिन सुरू ठेवून उभा आहे. पाऊस संपला. जमीन ओली आहे, वरची हवा स्वच्छ आहे, आणि उद्या ऊन पडलं की गठ्ठे उठणारच. दुपारी तीन-चार वाटे, उंच तळवे, पश्चिमेचा हलका वारा. पश्चिमेचा वारा असला की विमान त्याच्या समोर तोंड करून उतरतं, म्हणजे पूर्वेकडून, आपल्या घराच्या खिडकीवरून. तू लहानपणी ह्याच खिडकीत लटकायचास.

उद्या ये. आईची नजर गेल्या आठवड्यात आणखी आत सरकली आहे. तिने सांगितलं नाही. काल तिने बाटली भरली तेव्हा पाणी वाहून गेलं तरी ओततच होती.

ताई


२३ ऑक्टोबर, संध्याकाळ

भिंगरी,

तू वर होतास, मी खाली होते. वरचं तुला माहीत आहे, खालचं सांगते.

सकाळी दार उघडलं आणि पायऱ्या दिसेनात. काल मी सगळं सांगितलं, एवढं सोडून. ओली जमीन, मोकळं आभाळ, वारा पडलेला. रात्रभर जमिनीची ऊब वर निघून गेली, तिच्या अंगालगतची हवा गार होत होत दवबिंदूला टेकली. पेटी उघडली तर दोन्ही पारे एका रेषेत. वाट्या निश्चल. अगदी बाबांच्या त्या सकाळसारखं. मी तिथेच पेटीचं दार धरून उभी राहिले. आई मागून कोट घालून आली, गालाला हात लावून म्हणाली, "ओलं लागतंय. धुकं आहे ना?"

मी वायरलेसकडे धावले, पण तू पहाटेच निघाला होतास. तुझा आवाज आला तो डोक्यावरूनच. तीन वर्षांनी ऐकत होते आणि काय, तर 'हवामान सांगा.' सांगा! जणू मी परकी.

मी सांगितलं. दाट धुकं, धावपट्टी बंद.

तू म्हणालास, "मला धावपट्टी दिसतेय. इथून तिथपर्यंत. तळहातासारखी."

मी म्हटलं, "सरळ खाली बघतोयस म्हणून दिसतेय. थर पातळ आहे. उतरायला लागलास की तिरकं बघावं लागेल."

मग तू म्हणालास, "परत तेच?"

ते 'परत' आईनेही ऐकलं. तिने माझा दंड पकडला. मला ओरडायचं होतं, की गाढवा, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर, पण खाली येऊ नकोस. मी तेवढंच म्हटलं, "धुकं आहे." तू उतरायला लागलास. इंजिनाचा आवाज पूर्वेकडून खाली खाली येत होता. खिडकीच्या काचा थरथरल्या. मला काही दिसत नव्हतं. आईला तर काहीच नाही, आणि तीच म्हणाली, "फार खाली आलाय तो." आणि मग इंजिन एकदम गरजलं आणि आवाज वर गेला. मी टेबलाला धरून खाली बसले.

तेव्हा तू म्हणालास, "ताई."

एवढंच. मग तू म्हणालास, "काहीच दिसलं नाही. वरून सगळं दिसत होतं, आणि खाली येताना एकदम काहीच नाही. नुसतं पांढरं." मग, "त्या दिवशीही असंच होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

इतकी वर्षं उडतोयस. पातळ धुकं वरून फसवतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल असं मला वाटत नाही. तुझ्या कोरड्या पठारावर ते पडत नाही, हे कबूल. पण तुला राग धरायला काहीतरी हवं होतं आणि मी हाताशी होते. असू दे. बाबांवर रागावता येत नव्हतं, ते गेले होते.

मग तू म्हणालास, "पेट्रोल आहे. वर थांबतो. उठलं की सांग."

ते शब्द ऐकून मी वायरलेस खाली ठेवला आणि बाहेर गेले. तुला वाटलं असेल, चिडले. चिडले नव्हते. ते का, ते पुढे येतं.

पुढचं तूही पाहिलंस. ऊन चढलं, आधी खांबाचा दिवा दिसला, मग झाडांचे शेंडे. वाट्या जराशा हलल्या, थांबल्या, आणि फिरायलाच लागल्या. धुकं जमिनीवरून सुटून वर गेलं, फाटलं, आणि दुपारपर्यंत त्याचेच गठ्ठे झाले. मी 'उठलं' असं सांगितलं तेव्हा आई बूट घालून धावपट्टीच्या कडेला उभी होती. तू तिला उचलूनच आत बसवलंस. ती तुला म्हणाली, "डबा कुठे ठेवणार मग?" आणि तू हसलास. तुझं हसू आहे तसंच आहे, दात दाखवणारं.

तुम्ही गेल्यावर मी वेळेची नोंद केली. आभाळ आठपैकी चार. वर बघत राहिले. तळवे, दुसरं काय.

उतरल्यावर तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास, डोळे लाल. मला वाटलं, काही बोलशील. तू पेटीकडे गेलास, बाटली बघितलीस, पाणी पुरेसं होतं तरी थोडं घातलंस आणि म्हणालास, "निघतो. थैल्या आहेत." असाच आहेस तू.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी आईला विचारलं, "दिसलं का काही?" तिने हाताची मूठ करून एका डोळ्याला लावली, नळीसारखी. "एवढ्यात एकच मावला," म्हणाली. "पण काय माजलेला होता! ऊन नुसतं डोक्यावर घेऊन बसला होता. तुझ्या बाबांना हे सांगायला हवं होतं गं." मग रडली. मग म्हणाली, "मी त्याला सगळं सांगितलं."

"काय सगळं?"

"त्या सकाळचं. ते काय विचारत होते आणि तू काय सांगितलंस."

मला वाटत होतं, तिला तेव्हा झोप लागली होती. भिंगरी, ही गोष्ट मी तुला कधीही सांगणार नव्हते. तुला ती जन्मभर पुरली असती. पण आईने अर्धी सांगितली आहे, आणि अर्धी तिला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

बाबा पहाटेपासून एकच विचारत होते. "उठलं का?" मी अंगणात जायचे, पारे बघायचे, यायचे. "नाही बाबा." पुन्हा, "उठलं का?" त्यांना ठाऊक होतं तू तिकडे इंजिन गरम करून बसला आहेस. ते तुझी वाट बघत होते. नोकरी, भांडण, कशाचं काही उरलं नव्हतं. श्वास तुटायला लागला तेव्हा पुन्हा विचारलं. बाहेर पायऱ्याही दिसत नव्हत्या. मी म्हटलं, "हो बाबा. उठलं. निघालाय तो."

तू खरं हवामान मागितलं होतंस. मी आयुष्यात एकदाच खोटं हवामान दिलं आहे, पण तुला नाही. उद्या तसंच झालं तर पुन्हा तेच सांगेन.

हे आईने ऐकलं होतं. यानंतर तिने म्हणे तोंड पदरात घातलं, म्हणून पुढचं तिला ठाऊक नाही. बाबांनी डोळे उघडले आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "वारा कुठला?"

वाट्या हलत नव्हत्या. मी म्हटलं, "पश्चिमेचा."

त्यांनी मान पूर्वेच्या खिडकीकडे वळवली आणि ऐकत राहिले.

आता ये. फेरी परत मागून घे, मिशाळ देईल. मला दिवस सांगू नकोस, मी आभाळ सांगेन, जसं दिसेल तसं. आणि ज्या दिवशी वारा नसेल, उतरायला दोन्ही बाजू सारख्या असतील, त्या दिवशी खिडकीवरून ये.

तुझी
ताई